आठच मुली

पाठीवर कुणीतरी दोन बोटं टेकवली, खो देताना टेकवतात तशी, आणि मागे वळायच्या आत मला कळलं की ही ज्योत्स्ना. केस मोकळे, एका हातात फणी, दुसऱ्या हातात दोन काळे रबर. "मॅडम, वेण्या घालून द्या ना," ती म्हणाली. मधले पाच महिने झालेच नव्हते, तिच्या अंगावर अमरावतीच्या शाळेचा लाल टी-शर्ट नव्हताच, अशा सुरात म्हणाली. मी गुणलेखकाच्या टेबलाशी पेन्सिली तासत बसले होते. माझी अकोल्याची शाळा जिल्ह्यातच हरली होती, पण विभागीय खो-खोला जुने खेळाडू म्हणून आम्हा चार-सहा जणांना गुण लिहायला बोलावतात, तशी मी अमरावतीला आले होते. डिसेंबरचं ऊन नुकतं मैदानावर उतरत होतं, चुन्याच्या रेषा ओल्या होत्या. पायाशी माझी पिशवी होती. पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि एक खाकी पाकीट. अकराला अंतिम सामना होता. त्याआधी त्या पाकिटातले कागद योग्य माणसाच्या हाती पडले, तर ही मुलगी आज खेळणार नव्हती, राज्य स्पर्धेला जाणार नव्हती, आणि ज्या वसतिगृहासाठी ती मला सोडून आली त्या वसतिगृहातही बहुधा राहणार नव्हती. पाकीट घरून निघताना मी दोनदा बाहेर काढून ठेवलं होतं आणि दोनदा परत आत टाकलं होतं. बस, मी तिला म्हटलं, आणि पेन्सिल खाली ठेवली.

ती माझ्या गुडघ्यांच्या मधे मांडी घालून बसली. माझ्या मुलींच्या वेण्या सामन्याच्या दिवशी मीच घालते, हा माझ्या मैदानाचा रिवाज. आईने घातलेली चालत नाही. पहिल्या तुकडीच्या तिघी आधी, मग दुसऱ्या, मग उरलेल्या, आणि ज्या राखीव बसणार त्यांची मी घालत नाही. सकाळी फणी कुणाच्या डोक्याला लागली यावरूनच मुलींना कळतं कोण खेळणार आणि कोण नाही. यादी वाचून दाखवायची गरज पडत नाही. वेणी अशी घट्ट हवी की भुवया वर ओढल्या गेल्या पाहिजेत. ढिली वेणी पळताना खांद्यावर आपटते, आणि पोरगी त्या क्षणाला केसांचा विचार करते, आणि बाद होते. हे मी ज्योत्स्नाला ती नऊ वर्षांची असताना सांगितलं होतं. पातूरच्या एका शाळेत शिबिर घ्यायला गेले होते, तेव्हा मधल्या सुट्टीत ही काटकुळी पोर पाच मुलांना चकवत नळापर्यंत जाऊन पाणी पिऊन परत आली. कुणाचं बोट तिला लागलं नाही. मी तिच्या बापाला, देवमनला, त्याच दुपारी गाठलं. तो तिथल्या एका कार्यालयात शिपाई. म्हटलं, ही मला द्या. त्याने दिली. आठ वर्षं ही पोर पातूरहून सकाळच्या एसटीने अकोल्याला येत होती आणि संध्याकाळच्या एसटीने परत जात होती, आणि ज्या दिवशी गाडी चुकायची त्या दिवशी माझ्या घरी जेवून माझ्याच पांघरुणात झोपत होती. मी लग्न केलं नाही. का केलं नाही ते विचारणारी माणसं आता थकली आहेत. मला मूल असतं तर मी त्याची वेणी इतकी घट्ट घातली असती का, कोण जाणे. डोक्याला आज वेगळ्याच तेलाचा वास येत होता.

तिच्या मानेवर, केस सुरू होतात तिथे, एक जुना व्रण आहे. खांबाला सूर मारताना लागलेलं. मीच टाक्यांना घेऊन गेले होते. फणी त्या व्रणाला लागली की ती मान आत घेते, आजही घेतली, आणि मला एकदम जुलैतली ती दुपार आठवली. देवमन शाळेत आला होता, कार्यालयातून शाळा सोडल्याचा दाखला आधीच घेऊन झाला होता, मग मैदानावर मला सांगायला आला. आधी दाखला, मग मी. टोपी हातात धरून उभा. म्हणाला, अमरावतीच्या शाळेचे कुलदीप सर घरी आले होते, तिथे वसतिगृह आहे, सकाळी दूध-अंडी आहेत, रोजचा साठ किलोमीटरचा प्रवास वाचेल, राज्य खेळली तर पुढेही ठेवून घेतील. "पोरगी अर्धी एसटीतच झोपते मॅडम," तो म्हणाला. "मले पाह्यवत नाई." ज्योत्स्ना त्याच्या मागे उभी राहून पायाने माती उकरत होती. मी हसले. मला आठवतं, मी फार छान हसले. म्हटलं, अहो, चांगलंच आहे, तिच्या भल्याचंच आहे, आणि ज्योत्स्नाच्या डोक्यावर हात ठेवला. ती रडली. तिला वाटलं मी मोठ्या मनाने सोडतेय. त्या दिवशी घरी जाऊन मी तिचा स्टीलचा पेला, जो तिने कधी आणला आणि माझ्याकडे राहिला ते दोघींनाही आठवत नव्हतं, तो मोलकरणीला देऊन टाकला.

आता कुणी म्हणेल, तुझ्याही बाबतीत असंच झालं होतं. झालं होतं. मी धामणगाव रेल्वेची. सतरा वर्षांची असताना मला अमरावतीच्या एका मोठ्या शाळेने मागितलं होतं, आणि आमच्या शेषराव सरांनी माझा दाखला त्यांच्या खणात ठेवला. आज देतो, उद्या देतो. ऑगस्ट उजाडला, तारीख गेली, मग त्यांनी तो काढून हातात दिला आणि म्हणाले, आता कुठे जाशील बाई, खेळ इथंच. वडिलांनी मला त्यांच्या पाया पडायला लावलं. पडले. पण ह्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. लोकांना असे हिशेब जुळवायला फार आवडतं, एकाचं दुःख दुसऱ्याच्या खात्यात टाकलं की त्यांना सगळं समजल्यासारखं वाटतं. शेषराव सर क्षुद्र माणूस होते. मी दाखला अडवला नाही. मी हसून निरोप दिला, आणि राखीच्या सुट्टीपर्यंत मनात खरंच काही नव्हतं.

राखीच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेच्या मैदानावर शहर पातळीच्या स्पर्धा होत्या, संयोजक मीच. दोन मुली तापाने पडल्या, एकीला घरच्यांनी मामाच्या गावाला नेलं, आणि नऊ लागतात तिथे माझ्याकडे आठच मुली उरल्या. ज्योत्स्ना सुट्टीला पातूरला आलेली आहे हे मला माहीत होतं. मी देवमनला फोन केला, म्हटलं, तिला द्या. तिला म्हटलं, आठच मुली आहेत गं, संघ बाद होईल, एक सामना खेळून जा. तिने विचारलं, मॅडम, चालते का असं, माझं नाव तर तिकडं चढलं. मी म्हटलं, ते मी बघते. ते मी बघते, एवढं म्हटल्यावर ज्योत्स्ना आठ वर्षांत कधी पुढचं विचारत नसे. नियम साधा आहे आणि तो मी शेकडो मुलींकडून पाठ करून घेतला आहे: वर्षात ज्या शाळेच्या पटावर आहात तिच्याचकडून मैदानात उतरायचं, दोन शाळांकडून उतरलात की बाद. शिक्षकाने मुद्दाम उतरवलं असं सिद्ध झालं, तर दोष शिक्षकाचा आणि खेळाडू सुटतो. खेळाडूने लपवून केलं असेल, तर तीन वर्षं बंदी. नऊच्या सुमाराला ती एसटीतून उतरून धावतच आली. संघाची यादी दरवेळी तीच लिहायची, अक्षर मोत्यासारखं म्हणून. मुख्याध्यापकांच्या सहीचे कोरे फॉर्म माझ्याकडे असतातच. तिने स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने पहिलं लिहिलं, खाली कर्णधार म्हणून सही केली, मग मी तिच्या वेण्या घातल्या. पहिला सामना आम्ही जिंकलो. दुपारी ती पातूरला परत गेली, राखी बांधायची होती. ती यादी आणि ती स्कोअरशीट माझ्या कपाटात गेली, कारण वर फक्त विजेत्या संघांची नावं पाठवतात. आठच मुली होत्या. म्हणजे सुभद्रा होती. पण सुभद्रा म्हणजे काय, जाड पोर, उठेपर्यंत पळणारी दोन चौक पुढे गेलेली असायची, तिला मी बेंचवर बसवलं आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला सांगितलं. ती मोजण्यात धरायची मुलगी नव्हती.

कपाट लावताना मला ते कळलं, की माझ्याकडे आता काय आहे. तोपर्यंत नव्हतं कळलं. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता त्याची चव राहिलेली नाही. ते दोन्ही कागद मी चार महिने कपाटात ठेवले. कधीकधी कपाट उघडून बघायची, आहेत ना. ज्योत्स्नाचे फोन यायचे, मॅडम, इथं खो मिळायच्या आधी पाटीवर बसायचं वेगळंच शिकवतात. मॅडम, कुलदीप सर म्हणतात तुझ्यासारखी साखळी पळती राज्यात कुणाची नाही. मी म्हणायची, छान. बसलेल्या मुलींमधून नागमोडी पळायची ती पळती तिला कुणी शिकवली हे कुलदीप सरांनी विचारलं का, हे मी विचारत नसे. परवा जिल्हा-विभागाच्या बातमीत पेपरात तिचा फोटो आला, आणि खाली छापलं होतं, कुलदीप सरांची शिष्या. एवढंच. पाच महिन्यांचं काम होतं त्याचं. काल मी कपाट उघडून दोन्ही कागदांच्या प्रती काढल्या.

"दुखते मॅडम," ज्योत्स्ना म्हणाली. मी वेणीचा तिसरा पेड ओढला होता, हातून जास्तच ओढला गेला. मी म्हटलं, दुखू दे, म्हणजे जागी राहशील. ती हसली. तिकडे कोणी वेण्या घालत नाही, ती सांगत होती, आपापल्या घालतात, तिची रोज ढिली पडते, काल उपांत्य सामन्यात खांद्यावर आपटली आणि ती जवळजवळ बाद झाली होती. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. दोन्ही वेण्या वर बांधून मी रबराला शेवटचा वेढा दिला, आणि सवयीने तिच्या टाळूवर टिचकी मारली. ती उठली, माझ्या पायांना हात लावला आणि धावत तिच्या संघाकडे गेली. मी तिला वळून बघताना पाहिलं. त्या वेळी पाकीट फाडून टाकायला मला फक्त दोन्ही हात लागले असते. हातांना तेलाचा वास येत होता, मी ते पदराला पुसले, पिशवी उचलली आणि मैदानाच्या पलीकडे गेले. तिथे श्याम सर होते, अंतिम सामन्यातल्या दुसऱ्या संघाचे व्यवस्थापक, भित्रा आणि लोभी माणूस. मी पाकीट त्यांच्या वहीत सरकवलं आणि म्हटलं, माझं नाव नको. त्यांनी आत डोकावून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला क्षणभर किळस आली, त्यांची.

साडेदहाला हरकतीचा अर्ज पडला. मांडवात तिघांची समिती बसली. अध्यक्ष म्हातारे, गळ्याला मफलर, पूर्वी त्यांनी मलाही खेळताना पाहिलेलं. कागदावर माझ्या शाळेचं नाव, म्हणून मला बोलावलं. कुलदीप सर एका बाजूला, तरुण पोरगा, घाम फुटलेला. ज्योत्स्ना मधे. मी घरून निघतानाच ठरवून आले होते काय बोलायचं, पण खरा भरवसा मला माझ्या बोलण्याचा नव्हता, तिच्या न बोलण्याचा होता. माझ्याविरुद्ध ती बोलणार नाही. आठ वर्षं मी तिला दुसरं काय शिकवलं होतं. अध्यक्षांनी कागद तिच्यापुढे धरला आणि फार मऊ आवाजात विचारलं, बेटा, हे अक्षर तुझं का. ती म्हणाली, हो. ही सही? हो. "घाबरू नको," ते म्हणाले. "तुला कुणी बोलावलं असेल तर सांग. मग तुझा दोष नाही, तू आज खेळशील." कुलदीप सर पुढे झाले आणि म्हणाले, सांग ना ज्योत्स्ना, मॅडमनीच बोलावलं असेल. ज्योत्स्नाने कागदाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, कागदाच्या वरच्या कोपऱ्यात कपाटातल्या फाइलची दोन भोकं प्रतीतही काळी उमटली होती, तिथे. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काही आरोप वगैरे नव्हता. ती थांबली होती. मैदानात पाटीवर बसलेली मुलगी खो मिळायची वाट बघते, तशी थांबली होती, आणि खो मी द्यायचा होता.

मी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिले.

"मीच गेली होती," ज्योत्स्ना म्हणाली. "कोणी बोलावलं नाई. सुट्टीत आली होती, खेळावंसं वाटलं, नाव लिवलं. मॅडमले माहीत नव्हतं का मी दाखला नेला म्हून." अध्यक्षांनी मफलर सारखा केला आणि माझ्याकडे वळले. असं आहे का मॅडम? मांडवाबाहेर मुलींच्या आरोळ्या चालू होत्या, दोन्ही संघ अंग मोकळं करत होते. मी म्हणाले, हो. एवढंच म्हणाले. आणखी काही लागलंच नाही. अध्यक्षांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, त्यांना कळलं असावं असं मला वाटलं, पण समितीला कळण्याशी काम नसतं, कागदाशी असतं. तीन वर्षं. अमरावतीचा संघही बाद, सामना श्याम सरांच्या मुलींना न खेळता गेला. लाल टी-शर्टातल्या अकरा मुली तिच्याभोवती जमल्या आणि त्यांनी तिला जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. मुली ह्या वयात फार क्रूर असतात. कुलदीप सरांनी मारलं नाही, ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, टी-शर्ट शाळेचा आहे, बदलून दे. ती पडद्यामागे जाऊन बदलून आली, नीट घडी करून दिला. वसतिगृहाचं विचारलं तर म्हणाले, सध्या घरी जा, कळवू. कळवू म्हणजे काय हे तिलाही समजतं.

मी गुणपत्रक कोरंच जमा केलं, त्यावर न खेळता विजयी एवढं लिहून. मग दुपारच्या अकोला गाडीला बसले. खिडकीशी जागा मिळाली, डबा उघडावा की नाही याचा विचार करत होते, तेवढ्यात शेजारी कापडी बॅग ठेवली गेली आणि ज्योत्स्ना बसली. पातूरला जायचं तर अकोल्याहूनच गाडी बदलावी लागते, दुसरा रस्ता नाही, तरी मला तिचा राग आला. मागे जागा रिकाम्या होत्या. तिने देवमनला फोन लावला. बाबा, मी येऊन राहिली. नाई, हरलो नाई. मॅडम हायेत संगं. मग फोन माझ्याकडे दिला. देवमन म्हणाला, मॅडम, तुमी हाय संगं म्हून जीवाले बरं वाटते. मी म्हटलं, हो, काळजी करू नका. बडनेरा गेलं. बाहेर कपाशीच्या शेवटच्या वेचणीची शेतं, बायका वाकलेल्या, उन्हात सगळं पांढरट. ती काही खात नव्हती, रडत नव्हती. वेण्या तशाच वर बांधलेल्या होत्या, भुवया ताणलेल्या, सामन्याला निघालेल्या मुलीचा चेहरा. मला वाटत होतं, हिने रडावं. रडली तर मी पाठीवरून हात फिरवीन, म्हणेन, ये परत आपल्या शाळेत, सरावाला तरी ये, आणि तीन वर्षांनी कोण कुठे असतं. हे सगळं म्हणायची माझी तयारी होती. मी तिला घरीही नेलं असतं. पेला नवा आणला असता.

मूर्तिजापूर मागे पडल्यावर ती बोलली, समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत. "ते कागद तुमच्याच कपाटात राह्यतात ना, मॅडम."

 कंडक्टर पुढे कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत होता, त्याचं ऐकत बसले.

"त्या दिवशी सुभद्रा होती," ती म्हणाली. आवाज हळू, तक्रारीचा नाही, आपण एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवत बोलतो तसा. "बेंचवर बसून होती, बाटल्या घेऊन. मी आल्या आल्याच पाह्यली तिले. नऊ होत्या तुमच्यापाशी. मी काई बोलली नाई. मले वाटलं, मॅडमले आपली याद येऊन राहिली असंन. म्हून बोलावलं असंन. मी मनातून लय खूश होती तवा, मॅडम."

गाडी खड्ड्यात आदळली, तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि तिने तो लगेच बाजूला घेतला. मला माहीत होतं की ती म्हणतेय ते खरं आहे. त्या सकाळी एसटीतून उतरून ती धावत येताना दिसली तेव्हा माझा जीव कसा वर आला होता, ते मलाच ठाऊक होतं. तेवढं तरी मी तिला सांगू शकले असते. बोरगाव येईपर्यंत मी ते जिभेवर धरून ठेवलं.

"आठच होत्या," मी म्हणाले.

 ती म्हणाली, "हो मॅडम," आणि दोन्ही रबर काढून केस सोडायला लागली.